आठ दिवसांचे पत्ते

भावजय : वन्सं, इथं कॉम्प्युटरच्या पडद्यावर तर सगळं हिरवंच दिसतंय. एकही लाल ठिपका नाही.

नणंद : ऑफिसात वन्सं म्हणायचं नाही.

भावजय : बरं, मॅडम. सगळं हिरवं दिसतंय.

नणंद : मग तक्रार कसली? बस हिरवळीवर.

भावजय : तक्रार वॉर्डातून आहे. तिसऱ्या मजल्यावर निम्म्या नर्सना पडदा येतो, नाव टाकलं की आतही घेतो, आणि मग म्हणतो नेटवर्क नाही. पेशंटचा एक रिपोर्ट उघडत नाही.

नणंद : टेबलावर डबे होते तेव्हा उघडत होते.

भावजय : त्या जुन्या कॉम्प्युटरांचं नाव आता काढू नका.

नणंद : का नको? इतकी वर्षं चालले. एकेकाची धूळ मी माझ्या हातानं पुसलीय. तू आलीस, डबे उचलून अडगळीत टाकलेस, टेबलावर नुसते पडदे ठेवलेस. आणि कॉम्प्युटर म्हणे सगळे या एका कपाटात! नर्स बसली की तिच्यासाठी नवा घडवायचा, ती उठली की मोडून टाकायचा. हॉस्पिटल आहे की भातुकली?

भावजय : व्हर्च्युअल डेस्कटॉप असेच असतात. साहेबांनी पाहून मान्य केलंय.

नणंद : साहेबांनी तुझी रंगीत चित्रं पाहिली.

भावजय : चार वाजता ते स्वतः तिसऱ्या मजल्यावर येणार आहेत. चालताना दिसलं तर उरलेले मजले मला, नाहीतर डबे परत टेबलावर. आणि...

नणंद : आणि या खोलीची प्रमुख तू. बोल ना, अडखळतेस कशाला? लिफ्टवाल्यालाही माहितेय. मलाच काय ते कळायचं राहिलं होतं.

भावजय : मी तुम्हाला सांगणारच होते.

नणंद : आईला आधी सांगितलंस.

भावजय : त्यांनी विचारलं म्हणून.

नणंद : मला नाही तिनं कधी विचारलं, की पोरी, ऑफिसात तू करतेस तरी काय.

(फोन वाजतो. भावजय स्पीकर लावते.)

सिस्टर : अगं कॉम्प्युटरवाल्या बाई, पडद्यावर ते गोल गोल फिरतंय आणि इथं मी फिरतेय! सात नंबरच्या आजोबांचा रक्ताचा रिपोर्ट आलाय म्हणतात. कुठं आलाय? लॅबवाले म्हणतात पाठवला, डॉक्टर म्हणतात दाखवा. मी काय पदरातून काढून दाखवू?

भावजय : सिस्टर, शेजारच्या टेबलावर बसून पाहिलंत?

सिस्टर : त्या टेबलावर चालतंय ना. पण तिथली उठायला तयार नाही. एकदा उठलं की परत मिळत नाही म्हणते. मंत्र्याची खुर्ची झालीय नुसती.

नणंद : सिस्टर, मी बोलतेय.

सिस्टर : अगंबाई, तुम्ही आहात होय तिथं! मग जीवात जीव आला.

नणंद : बघते मी. लॅबमध्ये माणूस पाठवा, कागदावर लिहून आणू दे तोवर.

सिस्टर : पाठवते. आणि भावजयीला रागावू नका हं. गुणाची आहे हो पोर. सकाळपासून चार वेळा वर येऊन गेली, जेवलीसुद्धा नसेल. ठेवते.

नणंद : ऐकलंस? गुणाची पोर. फोन मी घेतला, गुण तुझे निघाले.

भावजय : मॅडम, सिस्टर काय म्हणाल्या ते ऐकलंत का पण? जी बसलीय तिचं चालतंय. जी उठून परत येते तिचं अडतं. म्हणजे नवा डेस्कटॉप जन्माला येतोय, पण नेटवर्कवर त्याला पत्ता मिळत नाहीये.

नणंद : बिनपत्त्याचं पोर. कपाटाला वाटतं झालं, सगळं हिरवं.

भावजय : मग शोधायचं कसं?

नणंद : त्या चित्रांत जन्मभर सापडणार नाही. काळी खिडकी उघड, कमांड दे, उत्तर घे. विचारलं तेवढंच सांगते, पण खोटं बोलत नाही.

भावजय : उघडलीच आहे. आधी हे विचारते, कोणत्या डेस्कटॉपला कोणतं नेटवर्क लावलंय, पूर्वेचं की पश्चिमेचं.

नणंद : मधे एक जागा सोड. अशी एकाला एक चिकटवलीस तर तिला कळणार कसं?

भावजय : सोडली.

नणंद : आता दे.

भावजय : आलं. पूर्व, पूर्व, पूर्व, पूर्व...

नणंद : खाली जा. पश्चिमेवर किती आहेत?

भावजय : पश्चिमेवर एकही नाही.

नणंद : हं! नाचता येईना, अंगण वाकडं. निम्मे पूर्वेला, निम्मे पश्चिमेला, असंच ठरलं होतं ना? सगळं गाव एका बाजूला नेऊन बसवलंस. तुझी ती फाईल उघड. हे बघ, पश्चिमेच्या ओळीपुढे अजून ती हॅशची जाळी आहे. जाळीची खूण असली की ती ओळ वाचलीच जात नाही. नव्या माणसाची चूक ही. पहिल्या आठवड्यात होते.

भावजय : ती खूण मीच ठेवलीय.

नणंद : कशाला?

भावजय : मीटिंगमध्ये तुम्हीच म्हणालात, पश्चिमेवर एक्स-रेची यंत्रं आहेत, त्यांच्यात गर्दी करायची नाही. म्हणून ओळ बंद केली आणि सगळे पूर्वेला घेतले. तुम्हाला विचारूनच.

नणंद : मी म्हणाले असं?

भावजय : साहेबांच्या समोर. त्यांनी मानही डोलावली होती.

नणंद : माझ्या बोलण्यावर डोलावली, हे तुझ्या बरं लक्षात राहिलं.

भावजय : हसायला काय झालं?

नणंद : काही नाही. मोज, पूर्वेला किती झालेत?

भावजय : सत्तरच्या आसपास. आणि तिथं मावतात अडीचशे.

नणंद : मग जागा भरपूर आहे.

भावजय : तेच तर कोडं आहे. जागा आहे आणि मिळत नाही. आता पत्ते वाटणारा सर्व्हर बघायला हवा.

नणंद : तो ठीक आहे.

भावजय : कशावरून?

नणंद : मी लावलाय म्हणून.

भावजय : एकदा बघू तरी. कुणाला कोणता पत्ता दिलाय, एवढी एकच कमांड.

नणंद : त्याचा पासवर्ड माझ्याकडे असतो.

भावजय : म्हणून तर तुम्हाला बोलावलं.

नणंद : म्हणजे पासवर्डसाठी बोलावलंस. मला वाटलं माझ्या डोक्यासाठी.

भावजय : वन्सं, शब्दात काय पकडता? चारला फार वेळ राहिला नाही.

नणंद : एवढी एक किल्ली तरी माझ्याकडे राहू दे. बाकीचं गेलंच.

भावजय : काय गेलं तुमचं?

नणंद : आईचा फोन अडला की ती मला हाक मारायची. आवाज गेला, अक्षर बारीक झालं, काही झालं तरी मलाच. परवा मी तिच्या शेजारी बसून भाजी निवडत होते. हाताच्या अंतरावर. तिनं माझ्या डोक्यावरून तुला हाक मारली, स्वयंपाकघरात. तू ओल्या हातानं पळत आलीस आणि दोन बोटं लावलीस. झालं नीट. मग ती मला म्हणते, बघ, किती पटकन करते. मीही पटकनच करायचे की.

भावजय : मी मुद्दाम केलं नाही ते.

नणंद : मुद्दाम केलं असतंस तर भांडता आलं असतं. तुझ्याशी भांडायलाही काही हाताला लागत नाही. या नोकरीत तुला मी चिकटवलं. साहेबांना म्हटलं, भावाची बायको आहे, हुशार आहे, शिकेल. नवऱ्याचं घर सुटल्यावर मला दोनच जागा राहिल्या होत्या, आईचं घर आणि ही खोली. दोन्हीकडे मी आधी होते.

भावजय : तुम्हाला कुणी हलवलंय का तिथून?

नणंद : हलवावं लागत नाही. माणूस बसलेलाच राहतो, नुसतं त्याच्याकडे बघायचं थांबतात.

भावजय : फोन वाजतोय. तिसरा मजला. बोला सिस्टर.

सिस्टर : लॅबचा माणूस कागद घेऊन आला. अक्षर असं की डॉक्टर म्हणतात, हा रिपोर्ट आहे की मुंग्या? तिकडे अकरा नंबरची बाई ऑपरेशनला न्यायचीय, तिचं जुनं औषधपाणी सगळं त्या पडद्याच्या पोटात. ज्या खुर्च्या चालतात तिथं आता रांग लागलीय. काही होतंय का तुमचं?

भावजय : होतंय सिस्टर. मॅडम बसल्यात.

सिस्टर : मग त्यांना म्हणावं, पाय धरते, पण लवकर.

नणंद : ठेव फोन. तोंड तिकडे कर.

भावजय : काय?

नणंद : पासवर्ड टाकतेय. तोंड भिंतीकडे कर.

भावजय : केलं.

नणंद : हं. वळ आता. ही कमांड, आणि हे पूर्वेचे पत्ते.

भावजय : थांबा, एवढं भरभर खाली सरकवू नका. दिसत नाही.

नणंद : मला दिसतंय.

भावजय : मलाही बघू द्या ना. अहो, हे तर भरलंय. अडीचशेच्या अडीचशे! आणि ही नावं... हा डेस्कटॉप तर शुक्रवारीच मोडला. हाही नाही आता. हाही नाही. वन्सं, हे सगळे मेलेले आहेत.

नणंद : मेले तरी पत्ता धरून बसलेत.

भावजय : कधीपर्यंत?

नणंद : आठ दिवस. एकदा दिलेला पत्ता आठ दिवस त्याचाच. तसं लावलंय.

भावजय : म्हणजे नर्स दिवसातून पाच वेळा उठली बसली तर पाच डेस्कटॉप झाले, आणि पाच पत्ते आठ दिवस अडकले. एका बाईपायी पाच. मग संपणारच! आठ दिवस कुणी लावले?

नणंद : मी. डबे होते तेव्हा. एका टेबलावर एक डबा, पिढ्यानपिढ्या तोच. आठ महिने लावले असते तरी काही अडलं नसतं.

भावजय : तुमची चूक नाही ही. मीच विचारायला हवं होतं, पत्ता किती दिवसांचा देता म्हणून. पण विचारायला आलं की तुम्ही म्हणता, एवढंही येत नाही का? मग मी बाहेर कुणाकुणाला विचारत बसते. बाहेरच्यांना इथले आठ दिवस कसे माहीत असणार?

नणंद : हं.

भावजय : पण वन्सं, पत्ते संपत आले की हा सर्व्हर इशारा देतो ना? तुम्हीच एकदा सांगितलं होतंत.

नणंद : देतो.

भावजय : कुणाला?

नणंद : माझ्या फोनवर येतो.

भावजय : मग या वेळी नाही आला?

नणंद : खिडकी मिटू का ही?

भावजय : वन्सं, आला होता का?

नणंद : सोमवारी सकाळी. थोडेच पत्ते उरलेत म्हणून. आई ओट्यापाशी तुझा डबा भरत होती, झाकण नीट बसतंय का ते दोनदा बघत होती. मी फोन पाहिला आणि पर्समध्ये टाकला.

भावजय : आज बुधवार आहे.

नणंद : मला वार कळतात.

भावजय : दोन दिवस तुम्ही मिठाची गुळणी धरून बसलात? सकाळपासून मी चार वेळा जिने चढतेय उतरतेय, आणि तुम्ही इथं बसून मला जुन्या डब्यांच्या गोष्टी सांगताय?

नणंद : म्हटलं बघू, तिचं तिला कळतं का.

भावजय : नाही. म्हटलं असेल, बघू तोंडघशी कशी पडते.

नणंद : तेही म्हटलं असेल.

भावजय : मला पाडायचं होतं तर पाडायचं. घरी बोलायचं नाही, माझ्या हातचं जेवायचं नाही, काहीही. पण वर पेशंट आहेत, वन्सं.

नणंद : ते डोळ्यांसमोर आलेच नाहीत. सगळीकडे तूच दिसत होतीस.

भावजय : सरका. सगळे पत्ते पुसून टाकते एकदम.

नणंद : हात लावू नकोस!

भावजय : आता काय राहिलंय अडवायला?

नणंद : अडवत नाहीये, अक्कल सांगतेय. ज्या खुर्च्या चालताहेत त्यांचेही पत्ते त्यातच आहेत. सरसकट पुसलेस तर त्यांच्या घरात दुसरा शिरेल. एका पत्त्यावर दोघं, की दोघंही बंद. आहे तेही घालवशील.

भावजय : मग?

नणंद : जिवंत वेगळे काढायचे, मेलेले वेगळे. तुझी यादी तुझ्याकडे, माझी माझ्याकडे. तू जिवंतांची नावं वाच, मी माझ्यात बघते.

भावजय : वाचून संध्याकाळ होईल. थांबा, दोन्ही याद्या कमांडलाच देते. माझ्यात नाही आणि तुमच्यात आहे, तेवढंच दाखव म्हणायचं.

नणंद : एका ओळीत?

भावजय : एका ओळीत. ही बघा.

नणंद : हे कुठून शिकलीस?

भावजय : तुमच्या भावाकडून.

नणंद : आणि त्याला कुणी शिकवलं?

भावजय : तुम्ही. माहितेय. दर रविवारी सांगता.

नणंद : सांगणारच. आणि हे काय, या दोघांना का मेलेल्यांत घातलंस? हे मोडलेले नाहीत, सिस्टरच्या ऑफिसातले आहेत, नाव बदललेले. तुझ्या यादीत जुनं नाव आहे.

भावजय : हो की. बरं झालं पाहिलंत. काढते त्यांना.

नणंद : आता मी पुसते. हे गेले. हेही. आणि आठ दिवसांचे करते दोन तास. लॉगआउट झाला की तासा-दोन तासांत पत्ता मोकळा.

भावजय : सिस्टरना लावते. हॅलो सिस्टर, आता एकदा उठून परत बसायला सांगा कुणाला तरी.

सिस्टर : उठायला कुणी तयार नाही म्हटलं ना! मीच बसते. थांब. नाव टाकलं. फिरतंय... अगं आलं! सात नंबरचा रिपोर्ट, हा बघ समोर. अकरा नंबरचंही आलं. कुणी केलं गं?

भावजय : मॅडमनी.

सिस्टर : वाटलंच मला. जुनं ते जुनंच हो. ए, सरका गं, रांग मोडा, सगळ्या खुर्च्या चालू झाल्या!

नणंद : मॅडमनी म्हणालीस.

भावजय : मग कुणी केलं? पासवर्ड तुमचा, पुसलंत तुम्ही. आणि मोबाईल वाजतोय माझा, साहेब आहेत. जरा गप्प बसा. हॅलो, साहेब. हो, होता प्रॉब्लेम थोडा. आता सगळं चालू आहे, या तुम्ही वर. पत्ते संपले होते. नाही, माझंच नियोजन कमी पडलं, नवे डेस्कटॉप इतके पत्ते खातील हे मी धरलं नव्हतं. मॅडमच्या लक्षात आलं, त्यांनीच सोडवलं. हो. इशारा? तो... तो बहुतेक आला नसेल, साहेब. बघून घेते मी. ठीक आहे. ठेवते.

नणंद : हे काय केलंस?

भावजय : झाकलं. आभार मानू नका, मी अजून रागावलेली आहे.

नणंद : आभार मानायला मला वेड लागलंय का? खोटं बोललीस.

भावजय : तुमच्यासाठी.

नणंद : मी सांगितलं होतं? पदर पसरला होता का तुझ्यापुढे?

भावजय : कमाल आहे. खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती तुमची.

नणंद : गेली असती, नसती गेली. माझी होती. उद्या घरी जेवताना तू काही बोलणार नाहीस. परवाही नाही. चेहऱ्यावरसुद्धा दाखवणार नाहीस, ओळखते मी तुला. आणि मी रोज तुझ्याकडे बघून घास गिळायचा, की हिनं मला पोटात घातलं. आई तुझी, भाऊ तुझा, खुर्ची तुझी. आता मोठं मनही तुझंच. माझ्यासाठी काय ठेवलंस, सांग ना.

भावजय : मला काही कळत नाही तुमचं. खरं बोलले असते तरी वाईट, खोटं बोलले तरी वाईट.

नणंद : तू बोललीसच कशाला? इशारा माझ्या फोनवर आला होता. सांगायचा की नाही हे मी ठरवायचं. तेवढंही तू उरकून टाकलंस, ओल्या हातानं, पटकन.

भावजय : मग सांगा ना तुम्ही. साहेब अजून जागेवर आहेत, जिना चढायला लागले नसतील. माझ्यावर कशाला ओरडता?

नणंद : सांगेन नाहीतर काय. भिते का मी?

भावजय : मी तसं म्हणत नाहीये. वन्सं, खरंच नका लावू. रागात आहात. विचार करा, नंतर बघू. मीही विसरून जाईन.

नणंद : बघ, परत. विसरणारही तूच. दे तो फोन इकडे.

भावजय : वन्सं...

नणंद : गप्प बस जरा. हॅलो, साहेब, मी बोलतेय. नाही, तिचा फोन आहे, बोलतेय मी. मघाशी ती म्हणाली ते खरं नाही. इशारा आला होता. माझ्या फोनवर. सोमवारी. नाही, तिला ठाऊक नव्हतं, तिला मघाशीच कळलं. हो, वाचला होता. नाही साहेब, विसरले नव्हते. कारण होतं. होतं कारण, पण ते ऑफिसातलं नाही.